शेवटचा आकडा किती?

आमच्या छापखान्यात बापू नावाचे एक जुळारी होते. जुळारी हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, स्टिकमध्ये ओळीने बसवायचे आणि मजकूर उभा करायचा, हे त्यांचं काम. मी त्याच छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे बापूंच्या चुका काढणं हा माझा चरितार्थ. देणगीदारांची यादी असो, परीक्षेचे निकाल असोत की एखादं कोष्टक असो, क्रमांकवार मजकूर हाती आला की पहिला खिळा उचलण्याआधी बापू मान वर न करता विचारत, "शेवटचा आकडा किती?"

देणगीदार दीडशे असतील तर तीन अंकांची जागा. मग पहिल्या देणगीदाराच्या एकच्या डावीकडे दोन कोरे खिळे, दहाव्याच्या डावीकडे एक, आणि शंभरावा आपोआप बरोबर बसणार. सगळी नावं एका रेषेत. एकदा नव्यानं आलेल्या एका मुलानं हे न विचारताच काम सुरू केलं. नव्व्याण्णव नावं झकास जुळवली आणि शंभराव्या क्रमांकाला जागा पुरेना. बापू त्याच्यावर ओरडले नाहीत. नव्व्याण्णव ओळी सोडवून त्यांनी त्याला पुन्हा जुळवायला लावल्या, आणि तो जुळवत असताना शेजारी उभं राहून चहा प्यायले.

बापू जाऊन आता बरीच वर्षं झाली. छापखान्याच्या जागी चार मजली इमारत आहे. पण त्यांचा तो प्रश्न मला गेल्या पावसाळ्यात संगणकाच्या पडद्यावर पुन्हा भेटला. तो विचारायला तिथं कुणी नव्हतं म्हणून.

झालं असं. माझे वडील साताऱ्याकडच्या एका शाळेत मास्तर होते. १९४८ ते १९७१ या काळातली त्यांची रोजनिशी नऊ वह्यांत आहे. कुणाकडून किती पायली ज्वारी घेतली, कोणत्या मुलाची फी स्वतःच्या खिशातून भरली, विहिरीला पाणी कुठल्या दिवशी लागलं, असा मजकूर. कागद आता हात लावला की तुटतो. तेव्हा हे सगळं संगणकावर उतरवून ठेवायचं, असं मी आणि माझ्या पुतणीनं ठरवलं. ती बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत असते. तिनं मला एक टेक्स्ट एडिटर बसवून दिला. एडिटर म्हणजे इथं संपादक नव्हे. ठळक-तिरपं, चित्रं, चौकटी अशी कसलीही भानगड नसलेली, निव्वळ मजकूर लिहिण्याची वही. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी दिवसभर असल्याच वहीत डोकं घालून बसलेली असतात. या वहीची खासियत अशी की प्रत्येक ओळीच्या डावीकडे, समासात, त्या ओळीचा क्रमांक दिसतो. रविवारी पुतणीचा फोन येतो. "काका, तीनशे सत्तेचाळीस बघा, तिथं 'अधोली' हवंय का?" की मी थेट त्या ओळीवर. प्रोग्रॅमवाल्यांनाही तो क्रमांक याचसाठी लागतो. चूक अमुक ओळीत आहे असं यंत्र सांगतं आणि ते तिथं पोचतात.

आता माझ्या डोळ्यांविषयी दोन शब्द, कारण त्याशिवाय पुढची तक्रार क्षुल्लक वाटेल. वयोमानानं दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला आहे. डॉक्टर त्याला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. नजरेच्या मध्यभागी धुरकट डाग आणि कडेचं तेवढं दिसतं. असल्या नजरेनं वाचताना अडचण अक्षराची जितकी, तितकीच ओळ सापडण्याची. एक रांग संपली की पुढच्या रांगेचं डावं टोक हुडकायचं, हेच मोठं काम होऊन बसतं. पडद्यावर मी अक्षरं इतकी मोठी केली आहेत की आडव्या रांगेत जेमतेम तीस मावतात. डावं टोक मला दिसत नाही, ते मला ठाऊक असतं. अंधारात आपल्याच घरातलं दिव्याचं बटण सापडतं तसं.

आणि ते बटण सरकलं. ओळ ९९६, ९९७ इथवर ठीक होतं. पडद्याच्या तळाशी हजारावी ओळ डोकावली मात्र, सगळा मजकूर टुणकन एक अक्षर उजवीकडे! मी दचकलो. वर सरकवलं, तर मजकूर परत डावीकडे. पुन्हा खाली, पुन्हा उजवीकडे. समासात तीन अंकांची जागा होती ती चारची झाली होती, एवढंच. पण तीसातली चार अक्षरं समासाला जात होती ती आता पाच जाऊ लागली. मजकुराला सव्वीस मिळत होती त्याची पंचवीस झाली, आणि लांब ओळी भलत्याच ठिकाणी मोडायला लागल्या. रांगेच्या शेवटी असलेला शब्द खालच्या रांगेच्या सुरुवातीला गेला, खालचा त्याच्या खाली. शिवाय बोट आपटल्यावर अक्षर उमटायलाही अंमळ उशीर होऊ लागला होता. त्या दिवशी तासाभरात मी एक नोंद उतरवली. बारा शब्दांची.

एडिटरचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुतणीनं दुरून माझा पडदा पाहिला आणि म्हणाली, "काका, तो दर वेळी पडदा रंगवताना पट्टीची रुंदी नव्यानं मोजतोय. आणि पडद्यावर जेवढं दिसतंय तेवढ्याचीच." पडदा साधारणपणे सेकंदाला साठ वेळा रंगवता येतो. म्हणजे एका वेळेला सोळा-सतरा हजारांश सेकंद मिळतात, आणि त्यातच मजकूर, रंग, कर्सर सगळं उरकायचं. अशा घाईत हा गृहस्थ दिसणाऱ्या प्रत्येक क्रमांकाची रुंदी फाँटला विचारत होता, त्यातली सर्वांत मोठी निवडत होता आणि लगेच विसरून जात होता. पुढच्या क्षणी पुन्हा तेच.

"अगं, पण शेवटचा आकडा किती ते एकदाच विचारून ठेवायचं ना!" मी म्हटलं. फोनवर थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "काका, आमच्यात यावरच वाद असतो."

तिनं वाचायला बरंच काही पाठवलं. भिंग लावून, काही तिच्याकडून ऐकून, मी ते पचवलं. एवढ्याशा समासाला जवळजवळ अर्धशतकाचा इतिहास आहे, हे कळल्यावर मला आपल्या तक्रारीचं जरा कौतुकच वाटलं.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्यानं 'व्हीआय' हा एडिटर लिहिला. त्याच्यासमोरचा टर्मिनल एका रांगेत ऐंशी अक्षरं दाखवी, आणि घरून काम करताना फोनच्या तारेवरून मजकूर यायचा तो सेकंदाला साधारण तीस अक्षरांच्या वेगानं. चोवीस रांगांचा पडदा काठोकाठ भरायचा म्हणजे एकोणीसशे वीस अक्षरं, म्हणजे मिनिटाहून जास्त वेळ! आपण आज ज्याला हळू म्हणतो त्याची लाज वाटावी. या व्हीआयमध्ये ओळींचे क्रमांक मागितले तर दिसत, आणि त्यांची जागा ठरलेली: सहा अंकांना सहा घरं आणि पुढे दोन कोरी. एकूण आठ. फाईल चार ओळींची असो की चार लाखांची, आठ म्हणजे आठ. मोजायचं कामच नाही. मजकूर दहा लाखांच्या आत आहे तोवर काहीही हलणार नाही.

बापूंना हे पसंत पडलं नसतं. चार नावांच्या यादीला सहा अंकांची जागा म्हणजे कागदाची नासाडी. ऐंशीतली आठ म्हणजे पडद्याचा दहावा हिस्सा. माझ्या तीस अक्षरांच्या रांगेत तर पाव भागाहून जास्त जागा नुसत्या क्रमांकांना गेली असती.

पुढे नेदरलँड्सच्या ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली 'व्हिम' हा व्हीआयचा वारसदार लोकांपुढे आणला आणि २०२३ साली निधन होईपर्यंत ते त्याची देखभाल करत राहिले. एडिटर फुकट, आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा, एवढीच त्यांची विनंती असे. या व्हिममध्ये २००६च्या सातव्या आवृत्तीपासून समासाची किमान रुंदी वापरणाऱ्याला ठरवता येते. काही न सांगितलं तर ती चार असते, तीन अंक आणि एक कोरी जागा. फाईलमध्ये ९९९ पेक्षा जास्त ओळी असल्या तर तो स्वतःहून समास वाढवतो. पण कशावरून वाढवतो? पडद्यावर काय दिसतंय त्यावरून नाही, फाईलमध्ये एकूण ओळी किती त्यावरून. म्हणजे बापूंचाच प्रश्न! हजार ओळींची फाईल उघडली की पहिल्या ओळीपासूनच चार अंकांची जागा तयार असते, आणि खाली-वर कितीही फिरलं तरी मजकूर जागचा हलत नाही. अंक मोजण्याची रीतही घरगुती आहे. संख्येला दहानं भागत जायचं, शून्य होईपर्यंत कितीदा भागलं ते मोजायचं. आणि मुख्य म्हणजे मागच्या वेळी ओळी किती होत्या आणि उत्तर काय आलं, हे तो टिपून ठेवतो. ओळींची संख्या तीच असेल तर भागाकारही करत नाही, जुनंच उत्तर देतो.

त्यातलीच एक गंमत पुतणीनं सांगितली. काही जण खरा क्रमांक न दाखवता, आपण आहोत त्या ओळीपासून वर-खाली किती अंतर आहे तेवढंच समासात दाखवायला सांगतात. 'बारा ओळी खाली' असं चटकन दिसावं म्हणून. अशा वेळी व्हिम फाईलची लांबी विचारात घेत नाही, खिडकीची उंची घेतो. खिडकीत पन्नास रांगा असतील तर पन्नासपेक्षा मोठं अंतर दिसणारच नाही. दोन अंक पुरेत. शेवटचा आकडा किती हा प्रश्नही कशाचा शेवट हे कळून विचारावा लागतो.

दुसरं मोठं घराणं 'इमॅक्स'चं. तिथं अडचण वेगळी होती. इमॅक्समध्ये मजकूर ओळीओळींनी वेगळा मांडून ठेवलेला नसतो. तो एका लांबलचक माळेसारखा असतो, आणि 'इथं ओळ संपली' ही खूण म्हणजे त्याच माळेतला आणखी एक मणी. एकूण ओळी किती हे सांगायचं तर माळ ओढत ते मणी मोजत जायला हवं. फाईल मोठी असली तर दर वेळी हे परवडणारं नाही. बरीच वर्षं तिथं क्रमांक दाखवण्याचं काम वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम करत. ते दिसणाऱ्या प्रत्येक ओळीला एकेक चिठ्ठी चिकटवत, आणि मजकूर हलला की चिठ्ठ्या पुन्हा लावत. मोठ्या फाईलमध्ये ते रखडायचं. २०१८ साली आलेल्या सव्विसाव्या आवृत्तीत हे काम पडदा रंगवणाऱ्या मूळ यंत्रणेतच घेतलं गेलं आणि वेग आला.

पण रुंदीचा प्रश्न उरतोच. पडद्यावर दिसणारा सर्वांत मोठा क्रमांक घ्यायचा म्हटलं, तरी तो कोणता? पडद्यावर किती ओळी मावतील हे त्या कुठे मोडतील यावर ठरणार, त्या कुठे मोडतील हे मजकुराला किती रुंदी उरली यावर, आणि ती उरणार समासाची रुंदी काढून. समासाची रुंदी मोठ्या क्रमांकावर. आधी कोंबडी की आधी अंडं! यावरचा तोडगा मला फार आवडला. पडद्यावरच्या पहिल्या ओळीचा क्रमांक घ्यायचा आणि त्यात पडद्यावरच्या एकूण रांगा मिळवायच्या. प्रत्येक ओळ निदान एक रांग तरी खाणारच. तेव्हा खरा शेवटचा क्रमांक याहून मोठा असूच शकत नाही. थोडी जास्त जागा धरली जाईल, कमी कधी पडणार नाही. पंगतीला पानं मांडताना आपण हेच करतो.

एवढ्यानं उडी मात्र टळत नाही, कारण मोजमाप शेवटी दिसणाऱ्या भागाचंच आहे. म्हणून तिथं वापरणाऱ्याच्या हाती दोन गोष्टी दिल्या आहेत. क्रमांक सुरू करताना एकदाच सगळ्या ओळी मोजून कायमची जागा धरायची, किंवा समास वाढला तर वाढू द्यायचा पण एकदा वाढल्यावर आक्रसू द्यायचा नाही. दोन्ही माणसाच्या डोळ्याचा विचार करून केलेल्या सोयी आहेत.

इथं एक घोटाळा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंक किती हे काढायला काही हुशार लोक लॉगॅरिथम वापरतात. शाळेत आपण लॉगची कोष्टकं पाहिली आहेत. १००० चा दहाच्या पायावरचा लॉग ३, त्यात १ मिळवला की अंक चार. कागदावर बिनचूक. पण काही संगणकभाषांत १००० चा नैसर्गिक लॉग काढून त्याला १० च्या नैसर्गिक लॉगनं भागलं, तर उत्तर ३ येत नाही. येतं २.९९९९९९९९९९९९९९९६. यातला पूर्णांक २, अधिक १, म्हणजे तीन अंक. नेमक्या हजाराव्या ओळीला तीन अंकांची जागा! नव्व्याण्णव नावं जुळवणाऱ्या त्या मुलाची आठवण झाली. दहानं भागत बसणं अडाणीपणाचं वाटतं, पण ते चुकत नाही.

आणि ते महागही नाही. या प्रकरणात लोकांचा वेळ नको तिथं जातो, असं माझं मत झालं आहे. सहा अंकी संख्येला सहा वेळा भागायला आजच्या यंत्राला काहीच लागत नाही. तिथं काटकसर करण्यात फुशारकी मारायची आणि बाकीचं तसंच ठेवायचं, म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. खरा खर्च तीन ठिकाणी आहे. माळेतले मणी दर वेळी पहिल्यापासून मोजण्यात. प्रत्येक क्रमांकाची छापील रुंदी फाँटला विचारण्यात. आणि रुंदी बदललीच, तर सगळ्या ओळी कुठे मोडायच्या ते नव्यानं ठरवण्यात. हल्ली बरेचसे एडिटर इंटरनेटच्या ब्राउझरच्याच यंत्रणेवर बांधलेले असतात. तिथं 'या अंकाची रुंदी किती भरली' असं मधेच विचारलं, तर आधी अर्धवट राहिलेली सगळी मांडणी पुरी करावी लागते आणि मग उत्तर मिळतं. जेवायला बसलेल्याला दर घासाला उठवून डब्यात साखर किती उरली ते पाहायला लावावं, तसं.

खरं तर अंक दहाच आहेत. फाँट आणि अक्षराचा आकार ठरला की दहाही अंकांची रुंदी एकदा मोजावी आणि त्यातली सर्वांत मोठी लक्षात ठेवावी. आमच्याकडचे आकड्यांचे खिळे सगळे सारख्याच रुंदीचे असत, त्यामुळे बापूंना हाही त्रास नव्हता. पडद्यावरच्या काही फाँटांत मात्र १ बारीक असतो आणि ८ ऐसपैस. म्हणून १११ मोजून ८८८ ला जागा द्यायची नाही. मोठ्यात मोठी रुंदी गुणिले अंकांची संख्या, झाला समास. पुन्हा मोजायचं कधी? फाँट बदलला तर, किंवा अंकांची संख्या बदलली तर. एका ओळीपासून दहा लाख ओळींपर्यंत फाईल वाढत गेली, तर अंकांची संख्या किती वेळा बदलते? १०, १००, १०००, १०,०००, एक लाख आणि दहा लाख. सहा वेळा. त्या सहा वेळांसाठी सेकंदाला साठदा फूटपट्टी काढायची?

हे पुतणीला म्हटलं, तर तिनं तिच्या क्षेत्रातलं नेहमीचं उत्तर ऐकवलं. यंत्रं आता इतकी वेगवान आहेत की कुणाला कळतंय? मला कळतंय, मी म्हटलं. माझा संगणक दहा वर्षांचा आहे, तुझ्यासारखा कंपनीनं दिलेला नाही. तिला ते पटलं, पण दुसरा मुद्दा तिनं सोडला नाही. "काका, त्या एडिटरमध्ये रुंदी पक्की करायची सोय आहे. तुम्ही ती सुरू केली नव्हती." सोय होती, हे खरं. ती तीन पाटांखाली, मला कधीही न सुचणाऱ्या इंग्रजी नावानं ठेवलेली होती. ज्याला त्रास होतो त्याला त्रासाचं शास्त्रीय नावही ठाऊक असावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ज्याला एकेक अक्षर जागा वाचवायची आहे तो जाणकार असतो, सोय शोधून काढतो. ज्याचा डोळा उडीनं चुकतो त्याला बहुधा वाटतं की आपलाच हात कुठंतरी लागला. म्हणून कुणी काही न सांगता जे मिळतं ते न हलणारं असावं, आणि जागेची काटकसर ज्याला हवी त्यानं ती मागून घ्यावी.

जागेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. लावूच शकत नाही. तीसातलं एक अक्षर मला पण मोलाचं आहे. बिल जॉयसारखी आठ घरं कायमची अडवणं मला नको. एकूण ओळींवरून जागा धरावी, तीन अंकांच्या खाली जाऊ नये, आणि एकदा वाढलेला समास ती फाईल बंद होईपर्यंत आवळू नये. हे शेवटचं का, तर एक प्रयोग करून पाहा. बरोबर हजार ओळींची फाईल घ्या, त्यातली एक ओळ कापून दुसरीकडे चिकटवा. कापल्याबरोबर ओळी ९९९ होतात आणि मजकूर डावीकडे सरकतो. चिकटवल्यावर पुन्हा हजार, पुन्हा उजवीकडे. वडिलांच्या वहीत एकदा तारखा मागेपुढे झाल्या होत्या, तेव्हा त्या जुळवताना मी हा झोका अर्धा तास घेतला. फार मोठी फाईल असेल आणि ती अजून उघडतेच आहे, एकूण ओळी ठाऊकच नाहीत, तर अंदाजानं धरावं. तिथं उडीला माझी ना नाही.

शेवटी माझा एडिटर पुतणीनंच ताळ्यावर आणला. त्या दिवशी सेटिंग बदलता बदलता ती सहज म्हणाली, "किती अंकांची जागा ठेवू? शेवटचा आकडा किती, काका?" मी फोन ठेवून नऊही वह्या काढल्या. पानं मोजली, दर पानाच्या नोंदी धरल्या, कोरी पानं वजा केली. सात ते आठ हजारांच्या मध्ये कुठंतरी. चार अंक. पहिल्या ओळीपासूनच माझं एक अक्षर गेलं, ते मी मान्य करून टाकलं.

एक हौस बाकी आहे. समासातले क्रमांक इंग्रजी आकड्यांत दिसतात, ते देवनागरीत दिसावेत. रोजनिशी मराठी आणि शेजारी इंग्रजी आकडे हे मुद्रितशोधकाच्या डोळ्याला खटकतं, डोळा अधू झाला तरी. पुतणी म्हणते बघते, पण दहाही अंक पुन्हा मोजावे लागतील. एकदाच मोज म्हणावं.

परवा २,३१६व्या ओळीवर होतो. १९५५ सालचा श्रावण. वडिलांनी विहिरीचा रहाट दुरुस्त करून घेतला आहे, सुताराला पाच रुपये दिले आहेत, आणि पुढे कंसात लिहिलं आहे की चार ठरले होते.